अंगठ्याच्या गोळ्या

माझा दादा किल्ल्या बनवायचा. हे वाक्य मी कितीतरी वर्षं चारचौघांत उच्चारलं नाही. कुणी विचारलंच, तर "भावाचा स्वतःचा व्यवसाय आहे" असं म्हणायची आणि चहा घेणार का ते विचारायची. आता दादा नाही, आणि मला रस्त्यात दिसेल त्याला थांबवून सांगावंसं वाटतं, की अहो, माझा दादा किल्ल्या बनवायचा, आणि वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की साखरेच्या गोळ्या बनवून गावभर वाटायचा. पण आता ऐकायला थांबतंय कोण!

त्याचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. उंच माणूस आत गेला की डोकं आपटणार म्हणजे आपटणारच. दादा तिथे चाळीस वर्षं बसला आणि त्याची मान कायमची डावीकडे कलली. फोटोतसुद्धा तो कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतोय असा दिसतो. मागच्या भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, समोर घासायचं मशीन, आणि सगळीकडे पितळेचा बारीक कीस. घरी आला की वहिनी त्याला दारातच उभा करून झटकायची.

त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं होतं आणि पेरावर एक तिरका व्रण होता. मशीनची करणी. घासून घासून तो अंगठा इतका निबर झाला होता, की चुलीवरचं पातेलं दादा फडक्याशिवाय उतरवायचा. "भाजत नाही का रे?" विचारलं तर म्हणायचा, "हा मेलाय. बाकीचे नऊ जिवंत आहेत, तेवढे बास झाले."

त्याच्या दुकानाजवळ एक निवृत्त मास्तर राहायचे. एकटे. ते दर दोन दिवसांनी किल्ली आत विसरून दार ओढून घ्यायचे आणि दादाला बोलवायचे. दादाने त्यांच्या कुलपाची एक जादा किल्ली करून खिशात ठेवली होती. तरी गेला की तारा काढायचा, कुलपाला कान लावायचा, "आज फार अडून बसलंय हो" म्हणायचा, आणि चांगला अर्धा तास मास्तरांशी गप्पा मारून मग दार उघडायचा. वहिनी चिडायची. "अहो, ते मुद्दाम करतात!"

"मग, मला काय कळत नाही?" दादा म्हणायचा. "एकट्या माणसाचं दार कुणीतरी उघडायला नको का?"

असा होता. आणि मी त्याची सख्खी बहीण, पहिल्यापासून तोंडाने फाटकी. त्याच्या पोटात माया आणि माझ्या नाकावर राग, आईने वाटणीच तशी केली असावी.

गोळ्यांचं मूळ माझ्यातच आहे. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची, दादा अकराचा. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुवायला लागली. आमच्या शाळेत सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुली एकमेकींना भेटी द्यायच्या. रिबिनी, पेन्सिली, कुणी रुमाल. मी घरी येऊन भोकाड पसरलं. "मी काय देऊ? माझं डोकं?"

दादाने घरात काय आहे ते बघितलं. साखर होती आणि एक लिंबू होतं. पहिला पाक करपला, दुसरा रवाळ झाला, तिसरा जमला. साचा कुठून आणणार? त्याने ताटाला तेलाचा हात फिरवून पाक ओतला, जरा निवल्यावर चिमटीने तोडून गोल गोल केला, आणि एकेका गोळीवर अंगठा दाबला. मधोमध छान खळगा पडला. "हं, ही आपली शिक्क्याची गोळी," म्हणाला. माझ्या गोळ्यांसाठी मुली रांगेत उभ्या राहिल्या. एकीने तर स्वतःची रिबीन सोडून माझ्या हातात दिली.

उरलेल्या गोळ्यांतली एक दादाने मला दिली. "ही खास तुझी." मी तोंडात टाकली, दात बसला, आणि आत तीन काळ्या मिऱ्या! नाकातोंडातून धूर निघायचा बाकी राहिला. ठसका लागून डोळे पांढरे झाले. मग मी पळी उचलली आणि त्याच्या मागे लागले. "मेल्या, गाढवा, तुझ्या गोळ्यांना मुंग्या लागोत! तुझ्या ताटात पाल पडो!" शेजारपाजारचे बाहेर आले. दादा हसून हसून जमिनीवर लोळत होता. आई नुकतीच कामावरून येऊन दारात उभी होती, चादरींच्या सोड्याने सोललेले हात घेऊन. ती हसली. वडील गेल्यानंतर आम्ही तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

त्या दिवसापासून दादा मला ठसका म्हणायला लागला. आणि मला चिडवून माझ्याकडून शिव्या खाणं हा त्याचा आवडता उद्योग झाला. मोठा झाला, लग्न झालं, केस पिकले, तरी सोडला नाही. भेटलो की आधी काहीतरी खोडी काढणार, मी तोंड सोडणार, आणि हा डोळे पुसत वहिनीला म्हणणार, "बरं वाटलं बघ. आता जेवायला वाढ."

वहिनी छापखान्यात वह्या शिवायची. ती घरात आली आणि गोळ्यांना शिस्त आली. पाक तिचा, गोळी दादाची. ती पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकायची, वाटीला कान लावायची, आणि थेंब कट्कन मोडला की ओरडायची, "अहो, या!" लगेच ताटात ओतून, तेल लावलेल्या कात्रीने ती पट्ट्या कापायची, आणि दादा तो चटका देणारा पाक हातावर वळून अंगठा दाबत सुटायचा. दुसऱ्या कुणाला जमणारं काम नव्हतं ते. पाक निवेपर्यंत थांबलं तर कडक होऊन जातो, घाई केली तर साल निघते. दादाचा मेलेला अंगठा तेवढा त्या कामाचा.

पुड्यासुद्धा त्यांच्या खास. वहिनी छापखान्यातून सरत्या वर्षाची उरलेली कॅलेंडरं आणायची. ज्याची पुडी, त्याच्या वाढदिवसाचा महिना फाडायचा, आणि त्याची तारीख बरोबर वर येईल अशी घडी घालायची. इस्त्रीवाला, टपालवाली, मास्तर, दवाखान्यातली नर्स, ज्यांची ज्यांची कुलपं दादाने उघडली ते सगळे. आपली तारीख बघून माणूस असा खुलायचा! एवढा मोठा बाप्या इस्त्रीवाला, पण पुडी हातात घेऊन "माझा मंगळवारी होता की यंदा" म्हणून लाजायचा.

आता माझं सांगते.

बारा वर्षांपूर्वी आमचे हे ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर चढले. आम्ही सहाव्या मजल्यावर नवं घर घेतलं आणि ऑफिसातल्या बड्या मंडळींना जेवायला बोलावलं. वर्षअखेर होती. मी आठ दिवस घर घासत होते. लोक आले, चकचकीत खोके घेऊन, रेशमी फिती बांधलेले. आणि दादा आला एक पिशवी घेऊन. पिशवीत गोळ्या, कॅलेंडर, कात्री.

मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते, तर दादा दाराशी उभा राहून एकेका पाहुण्याला जन्मतारीख विचारतोय! टराटरा कागद फाडतोय आणि वहिनी घड्या घालतेय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोठ्या साहेबांच्या बायकोने पुडी दोन बोटांत धरून विचारलं, "अय्या, या कुठल्या दुकानातल्या?"

"किल्ल्यांच्या," दादा म्हणाला. "जिन्याखालचं आहे. पत्ता देऊन ठेवू का? घराबाहेर अडकलात तर लागेल."

सगळे हसले. आज विचार करते तेव्हा वाटतं, ते चांगलंच हसले असतील. त्या बाईने तर पुडी उघडून गोळी तोंडातही टाकली होती. पण तेव्हा मला ते हसणं माझ्या तोंडात मारल्यासारखं लागलं. मी पुढे झाले, टेबलावरच्या, लोकांच्या हातातल्या सगळ्या पुड्या गोळा केल्या आणि दादाच्या पिशवीत कोंबल्या.

"लाज काढायची ठरवून आलायस का?" मी म्हटलं. हळू नाही, चांगलं खणखणीत. "साखरेच्या गोळ्या वाटतोय! उचल हे सगळं आणि घरी जा."

दादाला वाटलं असेल, ही आपली नेहमीची. तो हसायला लागला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"चुकलं गं माझं," म्हणाला. ठसका म्हणाला नाही. खाली सांडलेले कागद त्याने वाकून उचलले, कात्री खिशात घातली, आणि दोघं जेवल्याशिवाय गेली. मी त्यांना अडवलं नाही. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

त्यानंतर आमचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले नाही. मी दादाशी गोड बोलायला लागले. "कसा आहेस? तब्येत सांभाळ हं. वहिनीला विचारलंय म्हणून सांग." शिव्या बंद, ओरडणं बंद. कुणाला वाटेल, वयाने सुधारली. छे! ती शिक्षा होती. तो खोडी काढायचा आणि मी म्हणायची, "काहीतरीच तुझं." बस्स, तेवढंच. तो बिचारा वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

गोळ्या मात्र दर वर्षी आल्या. घरी यायचं त्याने सोडलं होतं, वहिनी खाली रखवालदाराकडे पुडी ठेवून जायची. वर माझी तारीख. पहिल्या वर्षी मी रागाने खाल्ल्या नाहीत. पण दादाच्या हातच्या वस्तूला कचऱ्याचा डबा दाखवायलाही हात होईना, म्हणून पुडी एका स्टीलच्या डब्यात टाकली आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ढकलला. दुसऱ्या वर्षी राग गेला होता, पण मग लाज वाटली. आपण असं वागलो आणि वर त्याच्या गोळ्या चघळायच्या? तीही पुडी डब्यात गेली. मग सवयच लागली.

आठवड्याने दादाचा फोन यायचा. दर वर्षी, न चुकता.

"खाल्ल्यास का गोळ्या?"

"हो तर. छान होत्या."

"सगळ्या खाल्ल्यास?"

"सगळ्या. संपल्यासुद्धा."

"काही वाटलं नाही?"

"वाटायचंय काय त्यात? छान होत्या, दादा."

"बरं बरं," म्हणायचा, आणि फोन ठेवायचा. मला वाटायचं, म्हातारा होत चाललाय, कौतुक ऐकायला फोन करतो. मीही देऊन टाकायची कौतुक. काय जातंय आपलं?

गेल्या सुट्टीतही असंच झालं. त्यानंतर दीड महिन्याने दादा दुकानात बसल्या बसल्या गेला. एका बाईची किल्ली घासत होता. मशीन चालूच होतं, म्हणून तिला वाटलं काम चाललंय. अर्धी घासलेली किल्ली वहिनीने घरी आणून ठेवली आहे.

माणसं किती आली म्हणून सांगू! मला माहीतही नसलेली माणसं. मास्तर जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. आमचे हे मला म्हणाले, "एवढी माणसं माझ्यासाठी येतील का गं?"

महिनाभराने वहिनी माझ्याकडे आली. त्या जेवणानंतर पहिल्यांदाच सहाव्या मजल्यावर चढली होती. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "तुझ्याकडे एखादी गोळी शिल्लक आहे का गं?"

"कसली गोळी?"

"त्यांच्या हातची. फोटो आहेत पुष्कळ, पण सगळे चेहऱ्याचे. हात कुठल्याच फोटोत नीट आला नाही. मला तो अंगठा बघावासा वाटतोय. पस्तीस वर्षं शेजारी बसून बघितला, पण आता डोळे मिटले की व्रण डावीकडे कललेला होता की उजवीकडे, तेच आठवत नाही. एक गोळी असली तरी पुरे. मी डबीत घालून ठेवीन."

मी काय म्हणायला हवं होतं? "आहेत, वहिनी, हा काय डबा" एवढंच. डबा त्याच खोलीत होता, तिच्या डोक्यावर चार हात. पण आहेत म्हटलं की खाल्ल्या नाहीत हे आलं. अकरा वर्षं फोनवर खोटं बोलले हे आलं. दादा गेला तो बहिणीने आपल्या गोळ्या खाल्ल्या या समजुतीत गेला, आणि आता मी ते सांगायचं?

"नाही गं," मी म्हटलं. "कधीच संपल्या."

"एकही नाही?"

"छान झाल्या होत्या ना. राहतात कुठे?"

वहिनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग पिशवी उचलून गेली. तिथून ती इस्त्रीवाल्याकडे गेली, टपालवालीकडे, मास्तरांकडे, नर्सकडे, घर घर फिरली. सगळ्यांनी खाल्ल्या होत्या. गोळ्या त्या, खाण्यासाठीच की! मास्तर म्हणाले, "मला ठाऊक असतं तर एक तरी राखली असती हो."

ती गेल्यावर मी स्टुलावर चढून डबा काढला. तळाच्या पुड्या एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला होता. पण सगळ्यात वरची, शेवटची, खडखडीत होती. मी ती उघडली. दहा गोळ्या. एकीत काळे ठिपके दिसले, म्हटलं करपली असेल. बाकीच्या सोनेरी, काचेसारख्या, आणि प्रत्येकीवर दादाचा अंगठा. अर्ध्या नखाची कड, मधला खळगा, आणि डावीकडे कललेला व्रण, इतका स्पष्ट की मी बोट लावून बघितलं. मग मी खिडकीपाशी बसून पोटभर रडले.

उद्या देते, असं ठरवलं. गोळ्या परत पुडीत घातल्या, पुडी डब्यात, झाकण दाबलं. कागदाचा कोपरा झाकणात अडकला होता. मला तो दिसलाही होता.

पण उद्या काय सांगू? परवा काय सांगू? वाटायचं, सापडल्या असं म्हणावं. कुठे सापडल्या? माझ्याच कपाटात? दिवस पुढे पुढे ढकलत राहिले. मध्ये ते दमट महिने आले, कपाटातल्या कपड्यांना वास लागला, मीठ डब्यात पाणी सोडून बसलं. तरी मी डब्याकडे मान वर करून बघितलं नाही. न बघितलं की तो नसतो, असं काहीतरी.

वर्ष संपत आलं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी मी वहिनीकडे गेले. दार उघडंच होतं. घरभर जळक्या साखरेचा वास. ताटात एक वेडावाकडा पापुद्रा घट्ट बसलेला, ओट्यावर पाकाचे ओघळ, आणि वहिनी मोरीपाशी नळाखाली हात धरून उभी. तिच्या अंगठ्यावर बोराएवढा फोड आला होता.

"लोक विचारत होते गं, यंदा गोळ्या नाहीत का," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांचा नाही तर माझा अंगठा लावू. तीन झाल्या. चौथीला हे." मग तिने तिसरी गोळी मला दाखवली. त्यावर एक घसरलेला, चिंचोळा डाग होता. "याला का अंगठा म्हणायचं?"

माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "वहिनी, तू बस. हात पाण्यात ठेव. मी आत्ता आले." आणि रिक्षा करून घरी गेले, स्टुलावर चढले, डबा काढला आणि तसाच छातीशी धरून परत आले. उघडून बघायचा धीर नव्हता, आणि आता देऊनच टाकायचं होतं. जिना चढतानाच बोलायला सुरुवात केली.

"मी खाल्ल्या नाहीत, वहिनी. एकही नाही, त्या जेवणापासून. सगळ्या यात आहेत. मी खोटं बोलले, त्याच्याशीही आणि तुझ्याशीही. तू मला हवं ते बोल. पण हा घे, यात त्याचा अंगठा आहे. चांगल्या दहा आहेत वरती."

वहिनीने ओले हात पुसले आणि झाकण काढलं.

डब्यात गोळ्या नव्हत्या. मधासारख्या रंगाचा एकच एक गोळा होता, डब्याच्या आकाराचा. वरचा भाग चिकट, ओला. त्यात कॅलेंडरचे कागद भिजून अडकलेले, आणि त्यांच्यावर माझी तारीख. कुठे सोमवार, कुठे शुक्रवार. वहिनीने डबा खिडकीशी नेला, उजेडात फिरवून फिरवून बघितला. ती व्रण शोधत होती, खळगा शोधत होती. काहीही नव्हतं.

"तू कधी बघितल्या होत्यास?" तिने विचारलं.

"तू विचारायला आलीस त्याच दिवशी."

"तेव्हा होता?"

"होता. व्रणासकट."

"कुठे कललेला होता?"

"डावीकडे."

वहिनी खाली बसली. मी शिव्यांची वाट बघत होते. तिने मला एक सणसणीत ठेवून दिली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण तिने डबा नुसता मांडीवर घेतला. म्हणाली, "मी सगळ्यांच्या आधी तुझ्याकडे आले होते. का, ते माहीत आहे? तू खात नाहीस हे मला ठाऊक होतं. म्हटलं, हिच्याकडे नक्की असतील. तू संपल्या म्हणालीस, तेव्हा वाटलं, हिने टाकून दिल्या."

"तुला ठाऊक होतं? कसं?"

ती उठली, खलबत्त्याचा बत्ता आणला आणि डब्यातल्या गोळ्यावर दोन ठोके घातले. खालचा भाग अजून टणक होता. त्यातला एक मोठा तुकडा काढून तिने माझ्यासमोर धरला.

"खा, वन्सं."

वन्सं म्हणाली, म्हणजे मनातून किती चिडली होती ते समजलं. मी मुकाट्याने तुकडा तोंडात टाकला आणि दात लावला.

आधी गोड लागलं. मग दाताखाली काहीतरी फुटलं, एक, दोन, तीन, आणि जीभ, टाळू, नाक, सगळ्याला आग लागली. ठसक्यावर ठसका. डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि त्या अंधारीत माझं तोंड आपोआप सुटलं.

"मेल्या! गाढवा! एवढा म्हातारा झालास तरी अक्कल आली नाही! दादा, तुझ्या गोळ्यांना मुंग्या..."

आणि मी थांबले.

वहिनीने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. ती रडत होती.

"दर वर्षी," ती म्हणाली. "त्या जेवणाच्या पुढच्या वर्षापासून. तुझ्या पुडीत एक गोळी मिऱ्यांची. मिऱ्या स्वतः निवडून भरायचे. मग आठवडाभर वाट बघायचे, आज फोन येईल, आज झोडपेल. आला नाही की स्वतःच लावायचे. तू म्हणायचीस, छान होत्या. फोन ठेवून मला सांगायचे, 'नाही खाल्ली गं अजून.' रागवायचे नाहीत. म्हणायचे, 'पुढच्या वर्षी खाईल. मग बघ कशा शिव्या घालते मला.'"

"तू मला सांगायचं नाहीस?"

"मी म्हटलं होतं त्यांना, की सांगते. तर म्हणाले, सांगून घातलेल्या शिव्यांत काय मजा?"

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अकरा वर्षं माणूस एका शिवीसाठी फोनजवळ बसला. मला फुकट पडली असती ती. आणि मी त्याला कौतुक देत राहिले.

बाहेर जिन्यात कुणीतरी चढत होतं, टपालवाली असावी. वहिनीने दादाच्या स्टुलाकडे बघितलं, खिडकीपाशी होतं ते, आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का? खाल्ली बरं का तिने."

मग तिने बत्ता उचलून अजून एक तुकडा फोडला, अर्धा स्वतः घेतला, अर्धा मला दिला. त्यात मिरी नव्हती. नुसती साखर होती, थोडं लिंबू. छान होती. या वेळी हे मी खरं सांगते आहे, पण आता मला विचारायला फोन येत नाही.